मदत हवी: मानेच्या सीटीत पहिल्या-दुसऱ्या मणक्यातलं अंतर असमान, इजा की फक्त मान वळलेली?

नमस्कार मंडळी. मोठ्या भावाबद्दल विचारायचं आहे. इथे कुणी रेडिऑलॉजी किंवा ऑर्थोमधलं असेल, किंवा घरात कुणाचा असा रिपोर्ट आला असेल, तर कृपया लिहा.

आम्ही चोपडा तालुक्यातले. केळीची काढणी चालू होती. दादा घड खांद्यावर घेऊन निघाला आणि ओल्या सरीत पाय सरकून घडासकट पडला. 'माले काही नही व्हयनं' म्हणत तेल चोळून झोपला. सकाळी उठला तर मान उजवीकडे कललेली आणि हनुवटी डावीकडे. जळगावला नेलं, तिथे तोंड उघडून काढतात तो एक्स-रे आणि नंतर सीटी झाला.

रिपोर्टमध्ये फ्रॅक्चर नाही. दुसऱ्या मणक्यातून सुळक्यासारखं वर आलेलं हाड असतं, ओडोन्टॉइड म्हणतात. ते आणि पहिला मणका यांच्यातलं अंतर उजवीकडे २ मिमी, डावीकडे ४ मिमी. पुढच्या बाजूने २ मिमी. शेवटी लिहिलंय की हे पोझिशनमुळे असेल किंवा रोटेटरी सबलक्सेशन (मणके वळून जागेवरून थोडे सरकणं) असेल, तपासणीशी जुळवून पाहावे. या एका ओळीने घरातल्यांची झोप उडाली आहे.

मला समजलं ते असं. मान वळवण्याचं जवळपास निम्मं काम या दोन मणक्यांमध्येच होतं. त्यामुळे डोकं जरा वळलेलं असलं तरी धडधाकट माणसातही ही अंतरं कमीजास्त दिसतात. डोकं डावीकडे वळलं की पहिल्या मणक्याची उजवी बाजू पुढे येते आणि सुळक्याच्या जवळ दिसते. दादाच्या फिल्मवर जबडा मध्यावर नाहीच, नाक स्पष्टच डावीकडे झुकलेलं दिसतं. टेक्निशियन 'सरळ झोपा' म्हणत होता, पण दुखण्यामुळे त्याला जमत नव्हतं. म्हणजे २ आणि ४ चा फरक एवढ्यानेही पडू शकतो ना?

अडतं ते पुढे. मोठ्या माणसात पुढचं अंतर ३ मिमीपर्यंत नॉर्मल धरतात, त्यामुळे सुळक्याला मागून धरणारं आडवं लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा चिवट पट्टा) शाबूत असावं. पण हे दोन मणके असे वळून अडकतात त्याचं फील्डिंग आणि हॉकिन्स यांनी १९७७ मध्ये जे वर्गीकरण केलं, त्यात पहिल्या प्रकारात हे अंतर नॉर्मलच असतं, तरी मणके वळलेल्या स्थितीत अडकलेले असतात. मग नुसत्या या आकड्यावर निर्धास्त कसं व्हायचं? डोकं दोन्ही बाजूंना वळवून काढतात तो डायनॅमिक सीटी लगेच करावा, की कॉलर आणि गोळ्यांनी स्नायूंचा ताठरपणा उतरू द्यावा आणि मग करावा? लिगामेंटसाठी एमआरआय लागेल का? डॉक्टरांनी कॉलर आणि गोळ्या दिल्यात, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. ओपीडीत एवढी गर्दी होती की हे विचारता आलं नाही.

दुसरी काळजी घरातलीच. काका म्हणतात हाडवैद्याकडे न्या, एका झटक्यात मान बसते. मी ठाम नाही म्हटलंय. त्या जागेतून मज्जारज्जू जातो, निदान व्हायच्या आत तिथे झटका द्यायचा म्हणजे जिवाशी खेळ. पण घरात माझं वय लहान. कुणी जाणकाराने दोन ओळी स्पष्ट लिहिल्या तर मी त्या काकांना वाचून दाखवीन.

भर: प्रतिसादांत विचारलंय म्हणून सांगते. वय ३८. ताप, घशाचा संसर्ग किंवा संधिवात नाही. हातापायाला मुंग्या नाहीत, पकड चांगली आहे, चाल नीट आहे, लघवीची तक्रार नाही. यातलं काही सुरू झालं तर रात्र असली तरी निघून या, असं डॉक्टरांनी बजावलंय. मान डावीकडे आणखी थोडी वळते, उजवीकडे मात्र मध्यापलीकडे जातच नाही. आम्ही जोर लावून पाहिलेलं नाही. नुसत्या आखडण्यानेही इतकं अडतं का, हे मला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचं आहे. फिल्म बघायची असेल तर नाव झाकून फोटो टाकते.