मिरजेतल्या दवाखान्यांनी ऑपरेशनचे निकाल जाहीर करावेत का?

हळदपेठ: मावशीचा गुडघा बदलायचाय. जतहून मिरजेला आणणार, तीन दवाखाने फिरून झाले. खोलीचं भाडं, सांध्याची कंपनी, पॅकेज, सगळं छापील हातात मिळतं. पण वर्षात किती गुडघे बदलले, त्यातले किती चिघळले, किती जण पुन्हा टेबलावर गेले हे विचारलं, की "आमच्याकडं काळजीचं कारण नाही," एवढंच उत्तर. माझं मत, हे आकडे दारात लावा. न्यूयॉर्क राज्य १९९०च्या सुमारापासून बायपासमधल्या मृत्यूंचे आकडे दवाखान्याच्या नावासकट छापतं.

भूलवाला: न्यूयॉर्कचं अर्धंच सांगितलंत. तिथं वय, हृदयाचं पंपिंग, किडनी, आधीची बायपास हे सगळं हिशेबात धरून मग आकडा निघतो. तरीही दुसऱ्या राज्यातल्या, ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या दवाखान्याकडं न्यूयॉर्कहून जास्त जोखमीचे पेशंट येऊ लागले, असा अभ्यास १९९६ मध्ये आला. आपल्याकडं तर नुसतेच आकडे लागतील. जो डायलिसिसवरचा पेशंट घेतो त्याचा बोर्ड वाईट, जो धडधाकट निवडून घेतो त्याचा चांगला. जोखमीची एएसए श्रेणी (आकडा मोठा तितकी जोखीम जास्त) आम्ही भूल देण्याआधी लिहितो, पण एकाच पेशंटला एक जण २ लिहितो, दुसरा ३. बोर्ड लागला की सगळेच ३ लिहायला लागतील!

कृष्णाकाठ: न्यूयॉर्कचाच १९९८चा अभ्यासही सांगा की. तिथल्या म्हाताऱ्या पेशंटांचं राज्याबाहेर जाणं उलट कमी झालं आणि मृत्यूही घटले, असं त्यात निघालं. आणि जोखमीचा पेशंट टाळायला बोर्ड कशाला लागतो? "पुण्याला न्या" हे आत्ताही ऐकतोच आपण.

जतचा डॉक्टर: दोघंही दवाखान्याच्या आतलंच मोजताय. ऑपरेशनच्या जखमेवर तीस दिवस आणि आत सांधा बसवला असेल तर नव्वद दिवस लक्ष ठेवायचं, असा मोजणीचा नियम आहे. इथं टाके काढले की पेशंट घरी. तिसऱ्या आठवड्यात जखम पाझरायला लागली की तो माझ्याकडं येतो, कारण मिरजेला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजंदारी. मिरजेच्या कागदावर मात्र "जखम कोरडी". म्हणजे जो दवाखाना फोन करून चौकशी करेल, त्याचाच आकडा वाईट दिसणार.

कृष्णाकाठ: मग फोन सगळ्यांनाच सक्तीचा करा. एका सिस्टरचं काम आहे.

भूलवाला: आणि तो खरंच केला का, हे कोण तपासणार? त्यापेक्षा जे हातात आहे ते करा. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) आणि हिमोग्लोबिन आधी तपासा. बिडी-सिगारेट असेल तर निदान चार आठवडे आधी बंद. घरच्यांना विचारून मशेरीचंही सांगा, बायका स्वतःहून सांगत नाहीत. "महिन्याने या" म्हणणारा सर्जन पेशंटला हाकलत नसतो.

हळदपेठ: तेच तर! मावशीची तीन महिन्यांची साखर ९च्या वर आहे. एकाने परत पाठवलं, दुसरा म्हणाला सोमवारी ॲडमिट करा. कोणाच्या हातचे गुडघे टिकतात हे आकड्यांशिवाय मी कसं ठरवू?

भूलवाला: पहिल्याकडे जा. ठरवून करायचं ऑपरेशन आहे, साखर खाली आणा आणि मग करा.

हळदपेठ: जातो. पण हे तुम्ही इथं भेटलात म्हणून कळलं. बाकीच्यांनी कुठं विचारायचं?