पतपेढीचा राखणदार कोण: निबंधक की रिझर्व्ह बँक?

हिशेबनीस_परळ
आईची साडेतीन लाखांची मुदत ठेव घराजवळच्या एका पतपेढीत अडकली आहे. नाव लिहीत नाही, भांडण चालू आहे. दिवाळीपासून "पुढच्या महिन्यात या" ऐकतोय. सहकार खात्याच्या कचेरीत तीन खेपा झाल्या. हाती आला तो अर्जावरचा आवक शिक्का.

हेच पैसे चार दुकानं सोडून असलेल्या नागरी सहकारी बँकेत असते तर? तिथे ठेव विमा आहे. १९९३ पासून १ लाखाचा होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा झाला. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यावे लागतात. पतपेढीला यातलं काहीच लागू नाही, कारण कायद्याने ती बँकच नाही. काउंटर तसंच, पासबुक तसंच, भिंतीवर गणपतीही तोच. सामान्य माणसाला फरक कळणार कसा?

माझं सरळ मत: लोकांच्या ठेवी घेणारी प्रत्येक संस्था रिझर्व्ह बँकेखाली आणा. सहकार खात्याच्या निबंधकांनी सोसायट्यांची भांडणं सोडवावीत.

गिरणगावकर
आईंच्या पैशांचं वाईट वाटलं, पण औषध चुकीचं सुचवताय. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह म्हणजे पीएमसी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना होता, तपासणीही होत होती. तरी एकाच बिल्डर समूहाची कर्जं झाकायला २१,०४९ खोटी खाती दाखवली गेली. २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा खातेदाराला काढायला मुभा किती? सहा महिन्यांत १००० रुपये! ऐन सणाच्या तोंडावर. पुढे मर्यादा वाढत गेली, हे खरं.

दुसरं म्हणजे, फोर्टातल्या साहेबाच्या नियमांत लालबागचा भाजीवाला बसत नाही. गिरण्या बंद पडल्यावर आमच्या वडिलांना रिक्षासाठी कर्ज दिलं ते पतपेढीनेच. तारण काय, तर दोन शेजाऱ्यांच्या सह्या.

निवृत्त_तपासनीस
पीएमसीचं उदाहरण अर्धंच दिलंत, गिरणगावकर. ती बहुराज्य बँक होती, तिचा निबंधक दिल्लीत. त्यामुळे "राज्य विरुद्ध रिझर्व्ह बँक" या वादात ती नीट बसत नाही.

खरा घोळ राज्यात नोंदलेल्या बँकांचा होता. बँकिंग कायदा सहकारी बँकांना १ मार्च १९६६ पासून लागू आहे, पण संचालक मंडळ हटवायचं तर रिझर्व्ह बँकेला निबंधकाकडे मागणी करावी लागे. घर एक, मालक दोन. २०२० च्या दुरुस्तीने तो अधिकार थेट मिळाला, राज्य सरकारशी सल्लामसलत करून वापरायचा. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत फेब्रुवारी २०२५ ला तिजोरीत १२२ कोटी कमी असल्याचं निघालं, ते रिझर्व्ह बँकेच्या तपासणीतच. निर्बंध लगेच, आणि ४ ऑगस्टला ती सारस्वत बँकेत विलीनही झाली. इतका वेग मी माझ्या नोकरीत पाहिला नव्हता.

गिरणगावकर
वेग दिसला, पण १२२ कोटी एका रात्रीत गेले का? तपासनीस त्याआधी कुठे होते?

निवृत्त_तपासनीस
हा टोला मान्य. नोटांचं एकेक बंडल फोडून मोजायचा कंटाळा हा आमच्या धंद्याचा जुना रोग आहे.

फ्लॅट_३०२
कटू बोलतो. बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त व्याज कोणी फुकट देत नाही. तेव्हा व्याज गोड लागलं, आता सरकार आठवलं.

हिशेबनीस_परळ
व्याजाचा तक्ता बघून आई तिथे गेली नव्हती, साहेब. तिचे गुडघे गेलेत. पिग्मीवाला रोज संध्याकाळी दारात यायचा, पन्नास रुपये न्यायचा, कधी औषधं आणून द्यायचा. पिग्मीची रक्कम साठली की तोच म्हणायचा, "काकू, मुदतीत टाका." मोठ्या बँकेत जायचं होतं म्हणाल, तर तिथे तिला टोकन मशीनसमोर उभं करतात.

कोर्टकचेरी
धागाकर्त्यांनी राज्याला मोडीत काढण्याची घाई करू नये. घटनेत बँकिंग केंद्राच्या सूचीत आहे, सहकारी संस्था राज्याच्या. पतपेढी रिझर्व्ह बँकेकडे द्या म्हणणं सोपं, करणं म्हणजे संसदेपर्यंतची गोष्ट.

शिवाय विमा फक्त पैसे परत देतो. संचालकाचा फ्लॅट जप्त करतो तो राज्याचाच १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे आपला एमपीआयडी. पतपेढ्या त्यात येतात, शिक्षा सहा वर्षांपर्यंत. हा कायदा नख नसलेला नाही: नॅशनल स्पॉट एक्स्चेंज (एनएसईएल) या शेतमाल-धातूंच्या बाजाराच्या ५,६०० कोटींच्या प्रकरणात त्याच्या मूळ कंपनीच्या मालमत्तेवरची टाच २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

हिशेबनीस_परळ
एनएसईएल बुडालं २०१३ ला, निकाल २०२२ ला. नऊ वर्षं. आई ७१ वर्षांची आहे. संचालकांकडून वसुलीची सहकार कायद्याच्या कलम ८८ ची चौकशीही ऐकून आहे, कुठे ना कुठे स्थगिती असतेच. चेअरमन आणि विभागातला पुढारी एकाच मांडवात बसत असतील तर निबंधक कोणाविरुद्ध लिहिणार?

बरं, परवाना राहू द्या, निदान विमा तरी पतपेढ्यांना द्या. बँका शंभर रुपयांना वर्षाला जास्तीत जास्त १२ पैसे हप्ता भरतात. पतपेढीने वीस भरावेत.

गिरणगावकर
भरतील की! पण वह्या न बघता विमा देणार कोण? म्हणजे तपासणी आली, म्हणजे फिरून तुमची रिझर्व्ह बँकच आली. आमच्या वडिलांसारख्याला मग दोन सह्यांवर कर्ज मिळेल का, एवढं सांगा.

निवृत्त_तपासनीस
मिळणार नाही. ते नुकसान खरं आहे आणि त्याची भरपाई माझ्याकडे नाही. तरी मी हिशेबनीसांच्या बाजूचा. ज्याला कर्ज नाकारलं तो दुसरं दार ठोठावतो. ज्याची ठेव गेली त्याने कुठे जायचं?

कोर्टकचेरी
वाद चालू द्या, तोवर हिशेबनीस, एक काम करा. ठेव पावती आणि पैसे मागितल्याच्या अर्जाची पोच घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार द्या. बाकीचे ठेवीदार जमवा, एकट्याने जाऊ नका.

हिशेबनीस_परळ
चाळीतलेच अकरा जण आहेत. आईच्या पावतीवर "नाममात्र सभासद" असा शिक्का आहे, म्हणजे मताचा हक्क नसलेली, नावापुरती सभासद. त्याने काही अडतं का?

कोर्टकचेरी
एमपीआयडीत अडत नाही, तिथे ठेव घेतली एवढं पुरतं. उलट अशा नाममात्र सभासदांकडून ठेवी घेण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्येच लोकांना सावध केलं होतं, तेही तक्रारीत लिहा. पावतीची मागची बाजू झेरॉक्स करायला विसरू नका, नूतनीकरणाच्या नोंदी तिथेच असतात.