मदत हवी आहे: धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) पिशवीतलं काड देवणी गाईंना द्यावं का?

नमस्कार मंडळी. मी उदगीर तालुक्यातला. दावणीला दोन देवणी गाई आहेत, त्यातली एक गाभण. ज्वारीचा पेरा घटल्यापासून घरचा कडबा पुरत नाही, विकतचा परवडत नाही. सोयाबीनचं भुसकट आणि गव्हाचं काड मात्र ढिगानं पडून आहे. गाई त्यातली टरफलं वेचून खातात, जाड काड्या गव्हाणीत तशाच राहतात.

काड पचायला सोपं करणारी युरियाची प्रक्रिया माहीत आहे (100 किलो काडाला 4 किलो युरिया, मग 21 दिवस हवाबंद), पण गाय गाभण असल्यानं वडील युरियाला हात लावू देत नाहीत. त्यांची काळजी मला पटते.

चुलतभाऊ काड भरलेल्या पिशव्यांत धिंगरी अळिंबी घेतो. त्याची एक पिशवी फोडून पाहिली. काड बुरशीच्या पांढऱ्या जाळ्यानं घट्ट बांधलेलं, पण काडी बोटानं दाबली की मऊ तुटते, वासही ताज्या अळिंबीचा. ही बुरशी काडातलं लिग्निन (काडीला कडक करणारा घटक) फोडते, आणि लिग्निनच गाईला पचत नाही, म्हणून आशा वाटते. पण ती सेल्युलोजही (काडातला गाईला पचणारा भाग) खाते. मग अळिंबीचे तोडे संपल्यावर उरलेल्या काडात गाईसाठी काय राहतं? जाळं पसरलं की अळिंबी धरायच्या आतच पिशवी फोडावी का?

दुसरी अडचण मोठी आहे. नको ते जंतू आणि बुरशी मारायला भाऊ काड फॉर्मॅलिन (जंतुनाशक) आणि बाविस्टिनच्या (बुरशीनाशक) पाण्यात भिजवतो. ते मी गाईपुढे टाकणार नाही. नुसत्या गरम पाण्यावर भागतं का? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

दादा, औषधातलं काड नकोच. 80 अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवून निथळा, मुठीत दाबलं तर पाणी ठिबकायला नको. चाऱ्यासाठी पिशवी अळिंबी धरायच्या आत फोडलेली बरी, तोडे घेत गेलात तर वजन घटतं आणि कसही जातो. हिरवा-काळा डाग दिसला तर अख्खी पिशवी उकिरड्यावर टाका, चांगला भाग निवडत बसू नका. अशा डागांच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं, ते दुधातही उतरतं. धिंगरीला 20 ते 30 अंश मानवतं, त्यामुळे आपल्याकडे हे काम हिवाळ्यातच उरका. काड उन्हात वाळवून आधी भाकड जनावराला थोडं थोडं द्या, गाभण गाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पेंड मात्र बंद करू नका, प्रथिनांची गरज यानं भागत नाही.