पूर्वजांच्या वर्णभेदाबद्दल आजच्या ख्रिस्ती मंडळीला पश्चात्ताप करता येतो का?

मोहरीचा दाणा (प्रश्न)

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम. आमच्या शास्त्राभ्यासाच्या गटात मंडळीतील वर्णभेद हा विषय चालू आहे. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमावे की नाही, या वादातून १८४५ मध्ये अमेरिकेत सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन झाले आणि दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, त्याच संघटनेने ठराव करून आफ्रिकी-अमेरिकी बांधवांची क्षमा मागितली, इथपर्यंत आम्ही आलो आणि अडलो. ठरावाला संमती देणाऱ्यांपैकी कोणीही गुलाम बाळगलेला नव्हता. पुत्र पित्याच्या अन्यायाचा भार वाहणार नाही, असे यहेज्केल १८:२० सांगते. उलट दानिएल नवव्या अध्यायात "आम्ही पाप केले" असे म्हणतो, आणि ज्या राजांमुळे बंदिवास ओढवला त्यांच्या कारभारात तर त्याचा हात नव्हता. मग पश्चात्ताप नेमका कोणी करायचा, आणि कशाचा?

द्राक्षमळेकरी

यहेज्केलाचा तो अध्याय सुरुवातीपासून वाचावा, असे सुचवतो. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण लोकांच्या तोंडी होती, आणि तिच्या आड स्वतःचे वागणे लपवण्याची सोय होती. संदेष्टा ती सोय काढून घेतो आणि शेवटी "फिरा" असेच सांगतो. म्हणजे तो पश्चात्तापातून कोणालाही सूट देत नाही. माझ्या मते आजोबांचा दोष नातवाच्या माथी येत नाही, पण आजोबांनी बळकावलेली जागा नातवाच्या ताब्यात असेल आणि त्याला ते ठाऊक असेल, तर ती न सोडण्याचा दोष त्याचा स्वतःचा असतो.

'जागा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये ॲबसलॉम जोन्स गुडघे टेकून प्रार्थना करत असताना एक विश्वस्त त्यांना धरून उठवू लागला, कारण ती जागा काळ्या सभासदांसाठी नव्हती. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढेच जोन्स म्हणाले. तेवढेही ऐकले गेले नाही. प्रार्थना संपल्यावर ते, रिचर्ड ॲलन आणि इतर काळे सभासद एकत्र बाहेर पडले, आणि १८१६ मध्ये ॲलन यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभे राहिले. तेव्हा काळ्या लोकांनी आपली चर्चेस वेगळी का काढली असे कोणी विचारले, तर आधी त्या विश्वस्ताचा हात आठवावा.

आडभिंत

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण मला अधिक बोचते, कारण तिथे भिंत उभी राहिली ती सवलतीच्या भाषेत. तेथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या सिनडने (चर्चच्या प्रतिनिधी सभेने) आधी मान्य केले की गोऱ्यांखेरीज नव्याने आलेल्या ख्रिस्ती लोकांना असलेल्याच मंडळीत घेणे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. पण काहींच्या दुर्बलतेमुळे ते अडत असेल तर या नव्या लोकांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी, अशी मुभाही दिली. दुर्बलता गोऱ्यांची, आणि उठून जायचे इतरांनी! १८८१ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र मिशन चर्च झाले, आणि पुढे त्याच विभागणीला धर्मशास्त्राचा आधार देण्यात आला. १९८२ मध्ये त्याच मिशन चर्चने वर्णावरून मंडळी विभागणे नाकारणाऱ्या 'बेल्हार कबुलीजबाब' या विश्वासकथनाचा मसुदा मांडला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला.

१९९० मध्ये रस्टेनबर्गच्या परिषदेत विली योंकर या गोऱ्या ईश्वरविज्ञानाच्या प्राध्यापकांनी आधी स्वतःचा दोष कबूल केला आणि मग आपल्या चर्चच्या व आफ्रिकानर (मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या) लोकांच्या वतीने कबुली दिली. हा क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी 'मी', मग 'आम्ही'. काळे अँग्लिकन आर्चबिशप डेस्मंड टूटू यांनी उठून ती स्वीकारली, तेव्हा सर्वांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, असा आक्षेप काही काळ्या प्रतिनिधींनी घेतला. तो आक्षेप मला रास्त वाटतो.

जक्कयाचे झाड

वरील दोघांशी सहमत आहे, पण कबुलीवरच सगळे थांबते याची मला चीड येते. जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याचे बोलून दाखवले, तेव्हा येशूने त्या घराला तारण झाल्याचे म्हटले. १८३८ मध्ये अमेरिकेतील मेरीलँडच्या जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) धर्मगुरूंनी २७२ गुलाम माणसे लुइझियानात विकली, आणि त्या पैशातून जॉर्जटाउनच्या महाविद्यालयाचे कर्जही फेडले गेले. २०१७ मध्ये तिथे वंशजांसमोर पश्चात्तापाची उपासना झाली आणि विक्रीच्या कागदावर पहिले नाव असलेल्या आयझॅक हॉकिन्स यांचे नाव एका इमारतीला दिले गेले. नाव देणे चांगलेच. परतफेडीचा हिशेब त्याहून अवघड.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पाहा. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. प्रेषितांनी दिलगिरीचे पत्रक काढले नाही. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे वाटपाचा कारभार बहुधा तक्रार करणाऱ्यांच्याच हाती गेला.

मोहरीचा दाणा

आपणा सर्वांचे आभार. 'दोष' आणि 'ताबा' यांतला फरक आमच्या चर्चेत कोणीच मांडला नव्हता. पुढच्या बैठकीत गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय घेणार आहोत: अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, याकोबाकडून माणसे आल्यावर मागे सरला, आणि पौलाने सर्वांदेखत त्याला विरोध केला. पेत्राने तिथे काय उत्तर दिले, ते पत्रात लिहिलेले नाही.