मदत हवी आहे: कोर्समेट्सच्या व्हिडिओ कॉलवर ऐकूच येत नाही

मंडळी, सैनिकी अकादमीतल्या आमच्या तुकडीची खबरबात मी जमवतो. सगळे ऐंशीच्या आसपास. पूर्वी बढत्या-बदल्या कळवायचो; आता गुडघे, मोतीबिंदू, पतवंडं आणि अधूनमधून श्रद्धांजली. महिन्याच्या व्हिडिओ कॉलवर निम्म्यांना धड ऐकू येत नाही. वयामुळे आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणून स, श, फ निसटतात, नुसतं ओरडून उपयोग नाही (तोफखानावाले तरी ओरडतातच!). चौघं एकदम बोलत असताना पडद्यावर मजकूर नीट उमटवणारी सोय कुणी वापरली आहे का? श्रवणयंत्र ब्लूटूथने फोनला जोडलं तर फरक पडतो का? आणखी एक, आजारपणाची बातमी गटात टाकण्याआधी घरच्यांना विचारता का? मी नाही विचारलं. एकजण अजून अबोला धरून आहे.