१९६६ ची एमजीबी गरम झाली की बंद पडते, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकू का?

मंडळी मदत हवीय, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मामाची एमजीबी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६६ ची, १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, सगळं ओरिजिनल, म्हणजे सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि अर्थ पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचा प्लस गाडीच्या बॉडीला. मामाचे गुडघे गेलेत म्हणून वर्षभर मीच सांभाळतोय, शिवाजी पार्कला सोसायटीत उभी असते. रविवारी पहाटे वरळी सीफेसला जाऊन आलं तर नुसती मक्खन. पण निघायला उशीर झाला आणि परतताना सेनाभवनच्या सिग्नलला अडकलो की मिसिंग सुरू, गचके, मग ठप्प. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की पहिल्या सेल्फला चालू! गेल्या रविवारी प्लाझासमोर बंद पडली, चौघं धक्का मारायला धावले, धक्का मारण्याआधी चौघांनी गाडीसोबत फोटो काढले, मी घामाघूम.

आधी पेट्रोलवर संशय होता पण मागे पंपाची टिकटिक नीट येतेय. बाजूला घेऊन प्लग काढून ब्लॉकला टेकवला, सेल्फ मारला, ठिणगी पिवळी, मरतुकडी. थंड असताना तीच निळी, कडक.

गणपतीच्या आधी मेकॅनिककडून कॉइल (ठिणगीचं हाय व्होल्टेज बनवते ती), कंडेन्सर, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) सगळं नवं टाकून घेतलं, पॉइंटची गॅप १५ थाउ (इंचाचा हजारावा भाग), प्लगची २५, टायमिंग (ठिणगीची वेळ) इंजिन बंद ठेवून, म्हणजे स्टॅटिक, १० डिग्री. तर दोन महिन्यांत पॉइंट जळून काळे. मेकॅनिक म्हणतो साहेब पॉइंटचा जमाना गेला, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाका, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत बसतं, कोणाला दिसतपण नाही. मामा म्हणतो मी जिवंत आहे तोवर पॉइंटच. टाकू का? आणि टाकलं तर पॉझिटिव्ह अर्थला चालतं का?

—

भुर्रर्र_डोंबिवली: टाक बिनधास्त, माझ्या पद्मिनीला दोन वर्षं झाली टाकून, कॅप उघडली नाही अजून. मामाला सांगूच नकोस.

—

डायनॅमोकाका: अरे थांब, घाई करू नकोस. दोन महिन्यांत पॉइंट जळतात म्हणजे त्यांच्यातून करंट जास्त जातोय, मॉड्यूल टाकलंस तर तेही त्याच वाटेने जाईल. कॉइलच्या दोन्ही छोट्या वायरी काढ, मल्टीमीटर २०० ओहमला लाव, त्या दोन टर्मिनलवर किती येतं बघ. तुझ्या गाडीत बॅलास्ट (कॉइलचा करंट आवरणारा रेझिस्टर) नाही, त्यामुळे तीन-सव्वातीन ओहम हवेत. नंतरच्या गाड्यांची दीड ओहमवाली कॉइल बाहेरून हुबेहूब तशीच दिसते, दुकानदार बारा व्होल्टची म्हणून हातात ठेवतो, पण ती बॅलास्टमागे चालवायची असते. सरळ बारा व्होल्टवर लावली की चारच्या जागी आठ अँपिअर ओढते आणि ट्रॅफिकमध्ये हात लावता येणार नाही इतकी तापते.

भुर्रर्र, तुझी पद्मिनी निगेटिव्ह अर्थ रे बाबा. ते मॉड्यूल याच्या गाडीला लावलं तर चावी फिरवल्या फिरवल्या राम म्हणेल. पॉझिटिव्ह अर्थचं वेगळं मिळतं. शिवाय त्या वर्षाच्या स्मिथ्सच्या आरपीएम मीटरला मागून कॉइलचीच वायर वेढा घालून जाते, मीटर तो करंट वाचतं, मॉड्यूल टाकल्यावर काटा कधीकधी वेड्यासारखा नाचतो.

—

धागाकर्ता: काका, पाय कुठे आहेत तुमचे! मीटरवर १.७ आला, नुसत्या पिना एकमेकींना टेकवल्या तर ०.२, म्हणजे दीडच की. ऑपेरा हाऊसला मल्टीमीटर खिशात घेऊन गेलो, तिसऱ्या दुकानात ३.१ वाली मिळाली, दुकानदार माझ्याकडे असा बघत होता जणू मी भाजीवाल्याकडे वजनकाटा घेऊन आलोय. डिस्ट्रिब्युटरची वायर प्लसला लावली, आपला अर्थ उलटा म्हणून, मेकॅनिकने तीही मायनसला लावली होती. काल भर दुपारी मुद्दाम दादर टीटी, परळ, लालबाग केलं, तासभर गर्दीत, एकदाही मिसिंग नाही. मॉड्यूलचा विषय मामासमोर काढलाच नाही.

फक्त टायमिंग लाइट लावली तर ६०० आरपीएमला १४ डिग्री यायला हवं, ती खूण १२ ते १७ मध्ये थरथरतेय.

—

डायनॅमोकाका: डिस्ट्रिब्युटरचा रोटर काढ, शाफ्ट धरून आडवा हलवून बघ. हलला तर शाफ्टला धरून ठेवणारं बुश गेलंय, पॉइंट उघडणाऱ्या प्रत्येक उंचवट्याला (लोबला) गॅप वेगळी पडते, मग फीलर गेजने कितीही जीव काढलास तरी उपयोग नाही.

—

धागाकर्ता: हलतोय. चांगलाच. आता हे बुश करून देणारा कोणी आहे का मुंबईत?

—

लेथवाला_कुर्ला: शाफ्ट आणि बॉडी दोन्ही आण, नुसतं माप सांगू नकोस. सच्छिद्र ब्राँझचं बुश मिळालं तर बसवायच्या आदल्या रात्री इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेव, कोरडं बसवलं तर वर्षभरात परत येशील. आणि डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी रोटर कुठे तोंड करून आहे त्याचा फोटो काढ.