'कॅची हेडलाइन'ला मराठीत काय म्हणाल?

रंकाळाकाठ: बातमीलेखनाच्या वर्गासाठी टिपणं मराठीत करतोय. 'कॅची हेडलाइन'ला 'लक्षवेधी मथळा' लिहिलं. सरांनी लाल रेघ ओढली. म्हणे, "लक्षवेधी विधानसभेत मांडतात. आणि मथळा नव्हे, शीर्षक." दुसरं काही सुचतंय?

जुना खिळा: मथळाच बरोबर. माथ्यावर बसतो तो मथळा, शीर्षक कवितेला. आमचे वडील महाद्वार रोडला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मथळ्याचे मोठे खिळे लाकडी आणि मोजकेच. एका पावसाळ्यात मोठ्या टायपातला 'ग' एकच उरला, 'पंचगंगा'ला तर दोन लागतात. मग मथळा लागला, 'नदी पात्राबाहेर'. कुणाचं काही अडलं नाही. कोल्हापुरात नदी म्हटल्यावर दुसरी कुठली?

मिरजकर: मथळा 'मंथना'तून आला असावा. बातमी घुसळून जे वर येतं ते.

जुना खिळा: ताक करताय काय?

शाहूपुरीची सूनबाई: 'चटकदार' का नको?

मिरजकर: चटकदार भेळ असते, ताई.

गल्लीतला: टपरीवर कोण मथळा इचारतंय? "आज हेडलाइन काय हाय?" हेच म्हणत्यात. हेडलाइनच ठेवा की. न्हाईतर 'नादखुळा मथळा' म्हणा, इषय संपला.

जुना खिळा: टपरीवर शब्द ठरवायचे तर शब्दकोश कशाला छापले?

शाहूपुरीची सूनबाई: १८९७ साली 'केसरी'त अग्रलेख आला, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' पाच साधे शब्द, विशेषण एकही नाही. आता 'वाचून थक्क व्हाल' लिहितात आणि आत काहीच नसतं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. पाणी ३९ वर आलं की लगेच 'पंचगंगा धोक्याच्या उंबरठ्यावर'! पुण्याहून मावशीचा फोन, "सामान माळ्यावर चढवलंस का गं?" आम्ही आपले पोहे खातोय.

गल्लीतला: वैनी, २०१९ ला पोहे खाताखाताच पाणी दारात आलं आमच्या. उंबरठा म्हंजे उंबरठाच हुता.

मिरजकर: पण त्या अग्रलेखाला मथळा म्हणायचं की शीर्षक?

रंकाळाकाठ: अहो, माझं 'कॅची' राहिलं. उद्या झेरॉक्सला द्यायचंय.

जुना खिळा: ते बघू. आधी मला सांगा, दर पुराला 'विळखा'च का पडतो? नदी म्हणजे काय अजगर?